काटा मागं फिरवायचा न्हाई

अण्णा भिंतीवरच्या घड्याळाचा काटा कधी मागे फिरवत नसत. आमच्या रक्त तपासणीच्या सेंटरमधलं घड्याळ थोडं पुढेच असायचं, सगळ्यांच्या घरी असतं तसं. ते बरोबर करायचं झालं की अण्णा स्टुलावर चढत, घड्याळ उतरवून घेत, त्याच्या पाठीतला सेल काढत आणि सेल मुठीत धरून बाकावर बसून राहत. पेशंट येत, जात. अण्णा बसलेले. खरी वेळ चालत चालत त्या थांबलेल्या काट्यांपर्यंत आली की सेल आत घालायचा आणि घड्याळ पुन्हा खिळ्याला.

काऊंटरवरची सुरेखा हसायची. "अण्णा, बोटानं जरा मागं ढकलला असता की काटा. एवढं बसायचं कशाला?"

"काटा मागं फिरवायचा न्हाई," ते म्हणायचे. "जी वेळ होऊन गेली ती परत आणायची न्हाई."

"आणली तर काय हुतंय?"

"मग एकाच वेळेला दोन गोष्टी होत्यात. आणि कुठली कुणाची, ते सांगता येत न्हाई."

हे बोलताना ते हसत नसत. सुरेखा मात्र तोंडाला ओढणी लावून मागच्या खोलीत पळायची. मीही मनात हसले असेन. पुढे माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, तळहातावर दोन गोळ्या बघेपर्यंत त्या बोलण्याचा अर्थ मला कळला नव्हता.

आमचं सेंटर निपाणीत. इथे फक्त रक्त काढून घेतात. तपासणी बेळगावच्या लॅबमध्ये. दुपारी व्हॅन येते आणि बर्फाच्या पेटीतून ट्यूब घेऊन जाते. संकेश्वर, चिकोडी, खानापूर, अशी त्यांची बरीच सेंटरं आहेत. माझं काम झाडलोट, आणि सिस्टरनं रक्त काढलं की ट्यूबवर लेबल चिकटवायचं. सगळ्या सेंटरांचे कॉम्प्युटर अण्णांकडे होते. ते आठवड्यातून एकदा मोटरसायकलवरून यायचे. लवकर पोचले तर आत येत नसत. समोरच्या सायकलच्या दुकानापाशी उभे राहत. ठरलेली वेळ झाली की रस्ता ओलांडायचे. पावसातही तेच.

ते चिकोडीकडच्या जैनाच्या घरातले. सूर्य बुडाल्यावर अन्न तोंडात घालत नसत. संध्याकाळी कितीही काम असलं तरी उन्हं उतरली की डबा सोडायचे. दशमी, शेंगदाण्याची चटणी, कधी एखादं केळं. एकदा आमचे मालक, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मुद्दाम त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवायला बघत होते. अण्णांनी एका हातानं आप्पांना थांबवलं, खिडकीतून आभाळाकडं बघितलं, आणि "तडी" म्हणून जेवायला बसले. तडी म्हणजे कानडीत थांब. हा शब्द त्यांच्या तोंडात दिवसभर असायचा. पेशंट गडबड करू लागला, तडी. सुरेखा भराभरा बटणं दाबू लागली, तडी. रागावून नव्हे. चालत्या बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसं.

लेबलवरचे आकडे मला त्यांनीच समजावले. मी आकडे वाचू शकते, पण तो नंबर एवढा लांब की मला तो विणकामासारखा दिसायचा. एक दिवस मी ट्यूब पुसत उभी होते तेव्हा ते आपणहून जवळ आले.

"हे बघा. एवढे आकडे म्हणजे वेळ. आजची तारीख, तास, मिनिट. मग हे दोन, हे निपाणी. संकेश्वरचे दोन येगळे, खानापूरचे येगळे. शेवटचा हा, त्या मिनिटात पयली ट्यूब का दुसरी का तिसरी. जुळी पोरं व्हत्यात न्हवं? वेळ तीच, घर तेच. मग पयला कोण आला ते बघायचं."

मी मान हलवली.

"आता मला सांगा, नंबर बेळगावनं का द्यायचा न्हाई?"

मला काय ठाऊक?

"नेटची लाईन जाती म्हणून. लाईन गेली, बेळगावला विचारता आलं न्हाई, म्हणून काय पेशंटला सुई टोचून तसंच बसवायचं? तवा प्रत्येक गावानं आपला आपण नंबर द्यायचा. कुणी कुणाला विचारायचं न्हाई. आणि तरी कुठल्या दोघांचा नंबर एक यायचा न्हाई." त्यांनी नंबरातल्या वेळेच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हे समदं एकाच गोष्टीवर उभं हाय. वेळ मागं येत न्हाई, या गोष्टीवर."

"नावानं वळखायचं की, अण्णा," सुरेखा काऊंटरवरून म्हणाली.

"नावानं? या पट्ट्यात पाटील किती, चौगुले किती? नावाला काय जातंय? नाव पुरत न्हाई गं."

मग त्यांनी सांगितलं की ते स्वतः जुळे. भाऊ गावी शेती करतो. लहानपणी दोघांना एकदमच ताप आला. आईनं एका पोराला दोनदा औषध पाजलं आणि दुसऱ्याला एकदाही नाही. दोनदा पाजलेलं पोर म्हणजे हे. दोन दिवस डोळे उघडले नाहीत म्हणे. "भावाचा मारबी मी खाल्लाय आणि त्याचं औषधबी," असं ते म्हणायचे, आणि ऐकणारे हसायचे. त्यांच्या आईनं पुढे आयुष्यभर एकाच्या मनगटात काळा दोरा ठेवला. तो दोरा मी यांना अखेरचं बघितलं तेव्हाही यांच्या मनगटात होता. लग्नाच्या वयातही काढला नाही म्हणून गावात चेष्टा व्हायची, असं त्यांनीच सांगितलं.

माझ्याशी बोलण्याची त्यांची एक वेगळीच रीत होती. मला फोनवर बोलायला येत नाही. समोरचा माणूस दिसत नसला की मला शब्दच सापडत नाहीत. सुरेखा नसली की फोन वाजून वाजून थांबायचा. एकदा अण्णांचाच फोन होता आणि मी उचलून नुसती उभी राहिले. पलीकडून म्हणाले, "तुम्हीच न्हवं? बोलू नका. रिसीव्हरवर बोटानं वाजवा. एकदा म्हणजे व्हय, दोनदा म्हणजे न्हाई. सिस्टर हायत काय?" मी एकदा वाजवलं. "लाईन हाय?" दोनदा वाजवलं. त्यांचं काम झालं. पुढे ही आमची पद्धतच पडली. सुरेखा म्हणायची, तुमच्या दोघांचं तारऑफिस हाय. त्यांनी मात्र त्याचा कधी विनोद केला नाही, आणि मला कधी बोला म्हणूनही म्हटलं नाही.

आता त्या शुक्रवारचं.

लेबल छापायचं नवं मशीन आलं होतं. त्याची पूजा आप्पांच्या हातून व्हायची होती. आप्पा म्हणजे राहुकाळ पाळणारा माणूस. राहुकाळात ते नवा पेनसुद्धा उघडत नाहीत. शुक्रवारी राहुकाळ साडेदहाला लागतो, म्हणून त्याआधीच नारळ फोडायचं ठरलं होतं. पण संकेश्वरच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर अडकले आणि आप्पा हातात नारळाची पिशवी घेऊन घामाघूम होऊन आले तेव्हा राहुकाळ लागून गेला होता. आणि तो दुपारपर्यंत संपणार नव्हता. बाकावर पेशंट ताटकळलेले. जुनं मशीन काढून ठेवलेलं, नवं जोडलेलं, त्यासाठी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केलेला.

आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले. मग कॉम्प्युटरकडे वळले.

"सुरेखा, पयल्या लेबलावर वेळ छापून येती न्हवं?"

"येती की."

"मग मशीनचं घड्याळ दहाला ने. पयलं लेबल दहाचं निघूं दे."

सुरेखानं माझ्याकडं बघितलं. "अण्णांनी सांगिटलंय, घड्याळाला हात लावायचा न्हाई. आणि लावला तरी मशीन थांबतंय. मोठ्या अक्षरात तडी म्हणून येतंय, आणि शेवटच्या लेबलाची वेळ गाठंपर्यंत पुढं जात न्हाई."

"अण्णा बेळगावात हाय, राहुकाळ हितं हाय," आप्पा म्हणाले. "तू कर तर."

सुरेखानं केलं. आम्ही सगळे पडद्याकडं बघत उभे राहिलो. तडी आलं नाही.

"बघ," आप्पा म्हणाले. "मशीनलाबी पटलं."

नारळ फुटला. रांगेत पहिला होता तो एक म्हातारा, दाढ काढायची होती म्हणून डॉक्टरनं आधी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला पाठवलेला. आप्पांनी मशीनला हळदीकुंकू लावलं आणि उत्साहात म्हाताऱ्याच्या कपाळालाही लावलं. "माझी दाढ काढायची हाय, लगीन न्हाई," म्हातारा म्हणाला. सगळे हसले. पहिलं लेबल तेवढ्यात निघालंही होतं, दहा वाजताचं. मी ते त्याच्या ट्यूबवर चिकटवलं.

खरे दहा वाजले होते तेव्हा, म्हणजे पूजेच्या आधी, जुन्या मशीनच्या लेबलावर माझ्या आक्काचं रक्त गेलं होतं.

आक्काच्या काळजात झडप बसवलेली आहे. तिला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. कमी झाली तर झडपेवर गाठ धरते, जास्त झाली तर आतल्या आत रक्त वाहू लागतं. म्हणून दर महिन्याला तपासायचं, रिपोर्ट बेळगावच्या डॉक्टरांकडे जातो आणि ते फोनवर सांगतात, गोळी तेवढीच ठेवा, अर्धी वाढवा, अर्धी कमी करा. त्या दिवशीही ती पहिल्या गाडीनं आली, रक्त दिलं, माझ्या डब्यातलं थालीपीठ अर्धं खाल्लं आणि गावी परत गेली.

दुपारी व्हॅन गेली. सुरेखा जेवायला घरी गेली, आप्पा मागच्या खोलीत आडवे झाले. चार वाजायच्या सुमाराला फोन वाजला. मी उचलला.

"तुम्हीच न्हवं? ऐका. आज लाईन गेलती?"

दोनदा वाजवलं. दिवसभर गेली नव्हती.

 अण्णांना एक सवय होती, टाकलेलं बघायची. लाईन तुटली की आमचं मशीन तीच माहिती बेळगावला दोनदा पाठवतं. तिथलं मोठं मशीन नंबर बघतं, हा आधी आलाय म्हणतं आणि दुसऱ्या वेळचं टाकून देतं. ते टाकलेलं कुणी बघत नाही. अण्णा बघायचे. चाळून झाल्यावर कोंड्यात हात घालून बघणारी बाई असते तसे. आणि आज लाईन गेलेली नसताना निपाणीचा एक नंबर दोनदा आलेला त्यांना दिसला होता.

"घड्याळ मागं केलं?"

मी मागच्या खोलीकडं बघितलं. आप्पांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी एकदा वाजवलं.

"कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर?"

एकदा.

त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग हळू, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "झोपून उठलं आणि विसरलं. मी त्याला विसरू दिलं." मग मला म्हणाले, "दोघांना एकच नंबर गेलाय. दोन्ही ट्यूब हितं आल्या. लॅबवाल्यांना वाटलं एकाच पेशंटच्या दोन. एक तपासली, दुसरी जास्तीची म्हणून टाकली. कुठली तपासली, कुणाला ठाऊक न्हाई. रिपोर्ट डॉक्टरकडं गेलाय. रक्त अजिबात पातळ न्हाई, असा. नाव सांगतो, हा पेशंट तुमच्या वळखीचा असला तर..."

त्यांनी नाव वाचलं.

"ती माझी आक्का," मी म्हणाले.

फोनवर माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. 

"गोळी कवा घेत्यात?"

"दिवा लावून झाल्यावर."

"तुम्ही जावा. आत्ता निघा. घेऊ देऊ नका. मी डॉक्टरला गाठतो आणि तिकडंच येतो."

आक्काकडचा फोन लेकाच्या खिशात असतो आणि तो साखर कारखान्यावर. तिथं घरघरीत त्याला ऐकू येत नाही. मी आप्पांना न उठवता, शेजारच्या दुकानात लक्ष ठेवायला सांगून निघाले. वडापची खासगी जीप सगळ्या सीटा भरेपर्यंत हलेना. ड्रायव्हर तंबाखू मळत उभा. मी त्याला लवकर चल म्हणणार होते, दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी दोन बायका आल्या आणि जीप सुटली. सूर्य डाव्या बाजूला उसाच्या वर होता. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा सूर्य किती भराभरा खाली येतो ते बघितलं.

आक्का सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली.

"काय गं? कोण गेलं?"

"कोण न्हाई. आक्का, आज गोळी घेऊ नको."

"का? उलट डबल घ्यायची हाय. दुपारी पोरगा पाळीला निघताना त्याला फोन आलता. आजपास्नं डबल म्हणून डॉक्टरनं स्वतः सांगिटलंय."

मी सांगायचा प्रयत्न केला. घड्याळ, राहुकाळ, म्हाताऱ्याची दाढ. जसजशी सांगत गेले तसतसं ते मलाच खोटं वाटायला लागलं.

"म्हंजे मशीनच्या घड्याळाचा काटा फिरला आणि माझं रगत बदललं?" आक्का म्हणाली. "चार बुकं शिकलीयास आणि डॉक्टरला शिकवायलीयास? झडपंवर गाठ धरली म्हंजे? तो सांगतोय रगत घट्ट झालंय, आणि तू म्हणतीस घेऊ नको. मी मेलो तर तुझा घड्याळवाला येणार हाय काय खांदा द्यायला?"

तिचं चुकत होतं असं नाही. तीच भीती मलाही होती. रिपोर्ट कुणाचा होता हे खरंच कुणाला ठाऊक नव्हतं. तो आक्काचाच असला तर मीच तिला मारत होते.

अण्णा आले तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. भुवयांपर्यंत धूळ. मोटरसायकल दारात लावली, हँडलला डबा तसाच लोंबत होता. आत आले, आक्काला नमस्कार केला आणि खाली जमिनीवर बसले.

"आक्का, तडी. एवढंच सांगायला आलोय."

"मग कुठली घेऊ ते सांगा. जुनी घेऊ? न घेऊ?"

"ते मी सांगणार न्हाई. मी डॉक्टर न्हाय."

"अहो, मग आलाय कशाला एवढं लांब?"

"डॉक्टर ऑपरेशनला गेल्यात. बाहेर आले की फोन करणार. निरोप ठेवलाय, त्यांच्या सिस्टरलाबी सांगिटलंय. तवर थांबायचं." ते फोन मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत बसले.

आक्का बडबडत राहिली. तिनं देवापुढं दिवा लावला. मग डबीतून दोन गोळ्या काढून तळहातावर घेतल्या आणि तांब्या जवळ ओढला.  मी तिचा हात धरावा, ओरडावं, काय करावं सुचेना. अण्णा जागचे हलले नाहीत.  नुसते दारातून बाहेर बघत होते. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला होता.

आक्काचीही नजर तिकडं गेली. मग डब्याकडं.

"अण्णा, तुम्ही जैनाचे न्हवं? दिस बुडाला की तुमचं जेवान बंद."

"व्हय."

"मग डबा सोडा की. हितं बसून खावा. मी पाणी देतो."

"फोन आल्याबिगर न्हाई."

"फोन काय वाजंल तवा वाजंल. जेवताना वाजला तर उचला."

"तुम्ही थांबायचं आणि मी खायचं, हे बरं न्हाई."

सूर्य गेला. शेंडे थोडा वेळ तांबडे राहिले आणि मग तेही विझले. अण्णांनी फोन उलटा करून पुन्हा सरळ ठेवला. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, हे मला नंतर कळलं. आणि आता उद्या सूर्य उगवेपर्यंत जाणार नव्हतं. आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं दोन्ही गोळ्या डबीत टाकल्या आणि डबी माझ्या मांडीवर फेकली.

"ठेव तुझ्याजवळ. मीबी थांबतो."

यानंतर आम्ही तिघं किती वेळ बसलो कोण जाणे. आक्कानं दोनदा छातीवर हात ठेवून बघितला. तिच्या झडपेचा टिकटिक आवाज शांत घरात मला ऐकू येत होता. अण्णांनाही येत असणार. ते मान खाली घालून ऐकत होते. एकदा तो आवाज मला चुकल्यासारखा वाटला आणि मी आक्काच्या जवळ सरकले.

फोन वाजला. अण्णांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, आप्पांचं नाव न घेता, सुरेखाचं नाव न घेता. "माझ्या मशीननं दोघांना एक नंबर दिला," एवढंच. पलीकडचा आवाज मोठा झाला. ते व्हय व्हय म्हणत राहिले. मग फोन आक्काकडं दिला. जुनीच गोळी घ्या आणि सकाळी पहिल्यांदा रक्त द्या, डॉक्टर म्हणाले.

सकाळचा रिपोर्ट आला तेव्हा रक्त आधीच नको तेवढं पातळ झालेलं निघालं. वाढवायची सोडा, गोळी कमी करायला हवी होती. डबल घेत राहिली असती तर... डॉक्टरांनी पुढचं फोनवर सांगितलं नाही.  आक्कानं त्या दिवशी अण्णांसाठी दशम्या करून माझ्याकडं दिल्या, दुधात भिजवलेल्या पिठाच्या.

मला वाटलं होतं की आता अण्णा आप्पांची चांगली खरडपट्टी काढतील. आप्पाही त्या तयारीनंच बसले होते. "देवाधर्माचं कोण बोललं तर बघतो" असं सुरेखाला दोनदा म्हणाले. अण्णा आले, कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आप्पा, राहुकाळ मला नीट समजावून सांगा. कुठल्या वारी कवा लागतो ते समदं."

आप्पा चकित झाले. मग रंगात येऊन सांगत बसले. अण्णा मन लावून ऐकत होते. नंतर ते दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसले. उठले तेव्हा मशीनमध्ये दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, ते बंद करून चालू केलं तरी शेवटची वेळ विसरायचं नाही. दुसरी, लेबलावर छापायची वेळ आता वेगळी होती. आप्पांना हवी ती वेळ घाला, नाहीतर जागा कोरी ठेवा. नंबराच्या पोटातल्या वेळेला मात्र कुणाचाच हात पोचणार नव्हता.

"माणूस काटा मागं फिरवणारच," ते मला म्हणाले. "आज राहुकाळ, उद्या आणि काय. ते मला आधी समजायला पायजे हुतं."

बेळगावच्या ऑफिसला हे पटलं असं दिसलं नाही. थोड्या दिवसांनी अण्णा यायचे बंद झाले. कुणी म्हणालं काढलं, कुणी म्हणालं स्वतःच सोडलं आणि भावाबरोबर शेती बघतात. समोरच्या सायकलवाल्यानं मात्र मला विचारलं, "ते उभे राहणारे कुठं गेले?" 

गेल्या महिन्यातली गोष्ट. आक्काची तपासणी होती. बाही वर करून ती खुर्चीत बसली होती, सिस्टरनं रक्त काढून ट्यूब माझ्या हातात दिली. रात्री करंट बराच वेळ गेला होता, कॉम्प्युटरमधली बॅटरीही संपली असावी; सकाळी चालू झाला तेव्हा त्याचं घड्याळ कुठल्या कुठं जुन्या सालात गेलं होतं. सुरेखानं बटण दाबलं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: तडी.

बाकावर गर्दी. व्हॅन यायची वेळ होत आलेली. नंबराचं घड्याळ आता लाईन आल्यावर बेळगावहूनच बरोबर व्हायचं, हातानं नव्हे; आणि लाईन नव्हती. नवा कॉम्प्युटरवाला फोन उचलेना.

"कालचं एखादं जुनं लेबल काढून लाव," आप्पा वैतागून म्हणाले. "नंबर म्हंजे काय, आकडेच की. बेळगावला सांगू फोनवर. आण हिकडं ती ट्यूब."

त्यांनी हात पुढं केला. सुरेखा खाली बघत होती. ट्यूब माझ्या मुठीत अजून ऊबदार होती.

"तडी, आप्पा," मी म्हणाले.

 आप्पांचा हात तसाच राहिला. बाकावरचे लोक माझ्याकडं बघत होते, पण मी मूठ उघडली नाही.

आक्कानं कोपरात कापूस दाबून धरला, खुर्चीत नीट मागे टेकून बसली आणि म्हणाली, "थांबतो की आम्ही. कोण मरायलंय?"